‘टेनंट’ म्हणजे कोण?



वसंत व्याख्यानमालेच्या या व्यासपीठावरून दरवर्षी मोठमोठे विषय बोलले जातात. कोणी विश्वाच्या उत्पत्तीवर बोलतो, कोणी राष्ट्राच्या भवितव्यावर बोलतो. मी आज आपल्यापुढे एकच शब्द घेऊन उभा आहे, आणि तोही परका. उभा जन्म इंग्रजी शिकवण्यात घालवलेल्या मास्तराकडून आपण यापेक्षा अधिक अपेक्षा केली नसेल अशी आशा आहे.

शब्द आहे ‘टेनंट’. हा शब्द मी वर्गात किती वेळा सांगितला असेल याची गणती नाही. फळ्यावर इंग्रजी शब्द लिहायचा, त्याच्यापुढे ‘भाडेकरू’ असे लिहायचे आणि पुढच्या शब्दाकडे वळायचे, असा माझा रिवाज होता. एके दिवशी मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून उभा राहिला. म्हणाला, “सर, आमच्या आजोबांच्या जुन्या कागदांत इंग्रजी निकालाची एक नक्कल आहे. तीत त्यांच्या नावापुढे टेनंट असे लिहिले आहे. पण आमचे आजोबा कुणाच्या घरात भाड्याने राहत नव्हते. घर आमचेच होते. मग ते टेनंट कसे?”

मी विचारले, “आजोबा काय करीत?” तो म्हणाला, “शेती. गावात त्यांना कूळ म्हणत.”

मी ‘भाडेकरू’ या शब्दापुढे स्वल्पविराम देऊन ‘कूळ’ असे लिहिले आणि मुलाला खाली बसवले. तास संपला, पण माझे समाधान झाले नाही. चाळीतल्या खोलीत राहणारा कारकून आणि दुसऱ्याच्या रानात नांगर धरणारा शेतकरी ही माणसे आपल्या भाषेत इतकी निराळी की त्यांना एका शब्दात घालण्याचे कुणाच्या मनातही येणार नाही. इंग्रजीने मात्र ती एकाच शब्दात बसवली. हे कसे झाले? त्याचा शोध घेता घेता जे हाती लागले, ते आज आपल्यापुढे ठेवतो.

प्रथम शब्दाचे घराणे पाहू. ‘टेनंट’ इंग्रजीत आला फ्रेंच भाषेतून, आणि तिच्यात आला लॅटिनमधून. लॅटिनमधील मूळ धातूचा अर्थ आहे ‘धरणे’. म्हणजे टेनंट याचा अक्षरार्थ ‘धरणारा’. या घराण्यातली एक असामी आपल्या चांगल्या परिचयाची आहे. ती म्हणजे पलटणीतला लेफ्टनंट. त्याच्या नावाचा पूर्वार्ध म्हणजे ‘जागा’ आणि उत्तरार्ध हाच आपला टेनंट. वरिष्ठाच्या गैरहजेरीत त्याची जागा धरून ठेवणारा तो लेफ्टनंट. कामाची मुदत सांगणारा ‘टेन्युअर’ हा शब्दही याच कुळातला. पद किती काळ धरले, ते त्यात सांगितलेले असते.

आता गंमत पाहा. ‘धरणारा’ या अर्थात गरिबीचा किंवा परावलंबनाचा वासही नाही. इसवी सन १०६६ मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले आणि सर्व भूमी राजाची असे ठरले. १०८६ साली त्याने देशभर मोजणी करवून जी दप्तरे तयार केली, ती ‘डूम्सडे बुक’ या नावाने प्रसिद्ध आहेत. त्या दप्तरांत मोठमोठे सरदार आणि बिशप राजाकडून जमीन ‘धरणारे’ म्हणून नोंदलेले आहेत. राजाकडून थेट जमीन धरणारा तो मुख्य टेनंट, त्याच्याकडून धरणारा दुय्यम, आणि अशी ही उतरंड खाली नांगरापर्यंत गेलेली. म्हणजे टेनंट असणे ही त्या काळी मानहानी नव्हती. राजा सोडला तर सारा देशच टेनंट होता! ज्याच्याकडून जमीन धरायची तो ‘लॉर्ड’, आणि आपल्या घरमालकाला इंग्रजीत आजही ‘लँडलॉर्ड’ म्हणतात ते यामुळेच. दोन खोल्यांच्या जागेचा मालकसुद्धा इंग्रजीत सरदारच होऊन बसतो.

या जमिनीबद्दल जे द्यायचे त्याला ‘रेंट’ म्हणत. तोही शब्द लॅटिनचाच. त्याच्या मुळाशी ‘परत देणे’ असा अर्थ आहे. रेंट नेहमी पैशातच असे, असे मात्र नाही. कुणी लढाईला माणसे द्यायची, कुणी धान्य द्यायचे, कुणी एखादी वस्तू द्यायची. लंडन शहराच्या वतीने राजाच्या अधिकाऱ्याला दरवर्षी एका जुन्या लोहारशाळेच्या जागेबद्दल घोड्याचे सहा नाल आणि एकसष्ट खिळे मोजून देण्याचा विधी तेराव्या शतकापासून आजतागायत चालू आहे. लोहारशाळा केव्हाच नाहीशी झाली, पण खिळे अजून मोजले जातात. धरणाऱ्याने ‘मी तुमच्याकडून धरतो आहे’ अशी कबुली वर्षातून एकदा दिली पाहिजे, एवढाच आता त्याचा अर्थ उरला आहे.

हा ‘रेंट’ शब्द वापरताना आपल्याकडे बरेच जण घसरतात. मराठीत ‘भाड्याने दिले’ आणि ‘भाड्याने घेतले’ यांत गोंधळ होत नाही. दिशा क्रियापदातच आहे. इंग्रजीत तसे नाही. घर देणारा आणि घेणारा, दोघेही एकच क्रियापद वापरतात. म्हणून देणाऱ्याने त्याच्यापुढे ‘आउट’ जोडावे, म्हणजे ऐकणाऱ्याला कळते. देणाऱ्यासाठी ‘लेट’ हा स्वतंत्र शब्दही आहे. रिकाम्या घरावर ‘टु लेट’ अशी पाटी लागते ती हीच, आणि तिच्या मधोमध एक अक्षर घुसडून तिचे शौचालय करणारी वात्रट पोरे प्रत्येक पिढीत निपजतात. सायकल, मोटार किंवा मांडव थोड्या वेळासाठी घेतला तर ‘हायर’ बरे. आणि घर जो ‘धरतो’ तो टेनंट. दुसऱ्याच्या राहत्या घरात एक खोली घेऊन त्यांच्याच सोयीने राहतो तो ‘लॉजर’. लॉजर पैसे देतो, पण घर धरीत नाही. हा भेद लक्षात ठेवावा, कारण पुढे त्यावरच सारे प्रकरण उभे आहे.

आता आपल्या भाषेकडे वळू. इंग्रजीने या माणसाला धरण्यावरून ओळखले. आपण त्याला कशावरून ओळखले? ‘भाडेकरू’ हा भाड्यावरून ओळखला गेला. भाडे हा संस्कृत ‘भाटक’ या शब्दाचा वंशज. म्हणजे तो काय देतो, ते आपण पाहिले. ‘बिऱ्हाडकरू’ हा बिऱ्हाडावरून. तो भांडीकुंडी आणि बायकामुले घेऊन आला आहे, ते आपण पाहिले. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, असे आपण म्हणतो तेव्हा उद्या हा उठून जाईल हेही त्यात गृहीत असते. आणि ‘कूळ’ या शब्दात तर आपण त्याचे सबंध घराणेच पाहिले. बाप कसत होता, मुलगा कसतो, नातू कसेल. पण हाच शब्द सावकाराच्या वहीतही येतो, आणि तिथे कूळ म्हणजे कर्जदार.

तेव्हा इंग्रजीचा एक शब्द आणि मराठीचे तीन. परंतु तिन्हींपैकी एकानेही ‘धरणे’ सांगितले नाही. भाडे, बिऱ्हाड, घराणे या सगळ्या गोष्टी आपण सांगितल्या. पण त्याच्या हातात काय आहे, हे सांगायचे राहिले. आणि कायद्याचा सारा प्रश्न एवढाच असतो, की या माणसाच्या हातात काही आहे की नाही.

माझ्या विद्यार्थ्याच्या आजोबांचेच उदाहरण घ्या. १९४८ चा मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन कायदा पश्चिम महाराष्ट्रात आणि कोकणात लागू झाला. पुढे त्यात दुरुस्ती होऊन १ एप्रिल १९५७ हा ‘कृषक दिन’ ठरला. त्या दिवशी कुळाने आपण कसत असलेली जमीन विकत घेतली असे मानले जाईल, असा कायद्याचा हुकूम होता. विधवा, अज्ञान आणि अपंग मालकांच्या बाबतीत हा दिवस पुढे ढकलला होता. क्षेत्राची मर्यादाही होती. तरीपण काय घडले ते पाहा. कागदावर ज्याला टेनंट म्हटले तो त्या दिवशी मालक होण्याच्या वाटेला लागला, आणि ज्याला म्हटले नाही तो जिथे होता तिथेच राहिला.

मग टेनंट कोण? कायद्याने उत्तर दिले होते. दुसऱ्याची जमीन कायदेशीरपणे कसणारा मनुष्य कूळ मानावा. मात्र तो मालकाच्या कुटुंबातला नसावा, रोख वा धान्याच्या मजुरीवर ठेवलेला गडी नसावा आणि कब्जेगहाणदार नसावा. श्रोतेहो, ‘गडी नसावा’ या दोन शब्दांवर किती संसार तरले आणि किती बुडाले याचा विचार करा. त्याच बांधावर, त्याच बैलांमागे, त्याच उन्हात राबणारा माणूस पिकाचा वाटा घेत असेल तर कूळ, आणि सालाची बोली करून मजुरी घेत असेल तर सालगडी. एकाच्या हाती जमीन, दुसऱ्याच्या हाती फक्त नांगर. मग कुणाचे नाव सातबाराच्या उताऱ्यावर लागलेच नाही, कुणी ‘खुशीने’ राजीनामा लिहून दिला, आणि ती खुशी कुणाची होती हे गावाला ठाऊक होते. त्या मुलाच्या आजोबांचे नाव लागले होते. ३२-ग ची चौकशी झाली, किंमत ठरली, हप्ते फिटले आणि ३२-म चा दाखला मिळाला. म्हणून तो मुलगा “घर आमचेच, शेतही आमचेच” असे ताठ मानेने सांगू शकत होता. त्या ताठ मानेमागे एक इंग्रजी शब्द उभा होता, हे त्याला माहीत नव्हते; आणि खरे सांगायचे तर मलाही नव्हते.

इथे गोव्याची एक गोष्ट सांगितली पाहिजे. गोव्यात भाटकाराच्या जमिनीवर त्याच्या संमतीने घर करून पिढ्यान्‌पिढ्या राहणारा मुंडकार असतो. तो घराचे भाडे देत नाही, म्हणून भाडेकरू नव्हे. जमीन खंडाने कसतोच असे नाही, म्हणून कूळही नव्हे. १९७५ साली त्याला घरातून हुसकावू नये म्हणून कायदा झाला, तेव्हा तो इंग्रजीत लिहिणाऱ्यांनी ‘मुंडकार’ आणि ‘भाटकार’ हे शब्द जसेच्या तसे ठेवले. तो नुसता भाषांतराचा आळस नव्हता. परक्या शब्दात हा माणूस मावत नाही, आणि शब्दाबाहेर राहिला तर घराबाहेरही जाईल, हे त्यांनी ओळखले असावे.

आता शहरात येऊ. माझा एक भाचा पुण्याला नोकरीस आहे. मागे तो एक कागद घेऊन आला आणि म्हणाला, “मामा, भाडेकरार आहे, जरा इंग्रजी पाहून द्या.” मी वाचू लागलो. पाचसहा पाने झाली, पण भाडे, भाडेकरू, घरमालक यांपैकी एकही शब्द सापडेना. मालकाला ‘लायसेन्सर’ म्हटले होते, माझ्या भाच्याला ‘लायसेन्सी’, आणि भाड्याला ‘लायसेन्स फी’. मी म्हटले, “अरे, हा भाडेकरार नव्हेच.” तो हसून म्हणाला, “मामा, नावात काय आहे? पैसे तेवढेच द्यायचे.”

नावात काय आहे ते मी त्याला सांगितले, तेच आपणांसही सांगतो. १८८२ साली आपल्याकडे दोन कायदे झाले. मालमत्ता हस्तांतरणाच्या कायद्याने ‘लीज’ची व्याख्या केली. मोबदला घेऊन स्थावराच्या उपभोगाचा हक्कच दुसऱ्याच्या हाती देणे, म्हणजे लीज. सुविधाधिकारांच्या कायद्याने ‘लायसेन्स’ची व्याख्या केली. दुसऱ्याच्या स्थावरावर जी गोष्ट करणे एरवी गैरकायदा झाले असते ती करण्याची निव्वळ परवानगी, म्हणजे लायसेन्स. त्या स्थावरात त्याचा कसलाही हितसंबंध निर्माण होत नाही. लीज घेणारा घर धरतो. लायसेन्सी घरात असतो, पण धरीत नाही. एकाच्या हाती हक्क, दुसऱ्याच्या हाती मुभा.

लोक मुभेकडे का वळले, तेही न्यायाने सांगितले पाहिजे. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने भाडी सामान्यतः सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधली आणि भाडेकरूला घरातून काढणे कठीण केले. गिरणीतल्या कामगाराला आणि फाळणीनंतर आलेल्या निर्वासिताला त्याने आधार दिला हे खरे. पण भाडी गोठली आणि महागाई गोठली नाही. माझ्या ओळखीच्या एका वृद्ध विधवा मालकीणबाई म्हणत, “भाडे आणायला जायचे तर रिक्षाचे पैसे भाड्याहून अधिक होतात!” वाडे डागडुजीवाचून ढासळले. पागडीचा व्यवहार कायद्याने बंद, पण दाराआड खुला असा झाला. अखेर १९९७ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की ही गोठलेली प्रमाणभूत भाडी आता वाजवी राहिलेली नाहीत.

या कैचीतून सुटण्यासाठी मालकांनी शब्द बदलला. टेनंट नको, लायसेन्सी हवा. मग न्यायालयांपुढे प्रश्न आला, की शब्द बदलल्याने वस्तू बदलते काय? दिल्लीतील एका हॉटेलातल्या खोल्यांत केशकर्तनाचा धंदा करणाऱ्याचे प्रकरण १९५९ साली सर्वोच्च न्यायालयात गेले. कागदावर लायसेन्स होते. बहुमताने निर्णय झाला, की कागदाचे नाव पाहू नये, आशय पाहावा. हा कागद लीजचा आहे. हॉटेलच्या खोल्या त्या भाडेकायद्यातून वगळलेल्या असल्यामुळे त्या गृहस्थाचा दावा पुढे टिकला नाही, ही गोष्ट वेगळी. इंग्लंडमध्ये १९८५ साली ‘स्ट्रीट विरुद्ध माउंटफर्ड’ या प्रकरणात तेथील सर्वोच्च पीठाने हेच सांगितले. ठरावीक मुदतीने, पैसे घेऊन, जागेचा स्वतंत्र ताबा दिला की तो टेनंट. मग कागदावर काहीही लिहा. आपल्याकडे विधिमंडळाने १९७३ साली याहून पुढे जाऊन १ फेब्रुवारी १९७३ रोजी चालू लायसेन्सवर जागेत असलेल्यांना एका फटक्यात भाडेकरूच ठरवले! मालकांनी त्याचा एवढा धसका घेतला, की कित्येकांनी रिकामी घरे कुलुपात ठेवली, पण भाड्याने दिली नाहीत.

१९९९ चा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला आणि त्याने वारे फिरवले. राहण्यासाठी लायसेन्सवर दिलेल्या जागेची मुदत संपली की मालकाला ताबा मिळाला पाहिजे, आणि लायसेन्सी न हलला तर त्याने लायसेन्स फीच्या दुप्पट दराने भरपाई द्यावी, असे त्यात आहे. शिवाय लेखी लायसेन्सचा करार हाच त्यातल्या मजकुराचा निर्णायक पुरावा धरावा असेही आहे. म्हणजे जिथे न्यायालये ‘नाव पाहू नका’ म्हणत होती, तिथे आता कागदावरच्या मजकुराचे वजन पुष्कळच वाढले. म्हणून माझ्या भाच्याला मी म्हटले, “तुझ्या आजोबांच्या पिढीला हा शब्द वकिलावर सोडून चालले असेल, तुला चालणार नाही.”

याच संदर्भात एक गैरसमज दूर करतो. करार अकरा महिन्यांचा केला म्हणजे नोंदणी लागत नाही, असे पुष्कळांना वाटते. १९०८ च्या नोंदणी कायद्यात वर्षावरील लीजची नोंदणी सक्तीची आहे, त्यावरून ही अकरा महिन्यांची रूढी पडली. पण १९९९ च्या कायद्याप्रमाणे भाड्याचा असो वा लायसेन्सचा, प्रत्येक करार लेखी आणि नोंदलेला असलाच पाहिजे, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. मालकाने ती टाळली तर अटींबद्दल राहणाऱ्याचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. मालकास दंड वा कैदही होऊ शकते. रूढी राहिली, कारण गेले. लंडनच्या त्या खिळ्यांसारखेच हेही!

कोणी विचारील, मास्तर, तुम्ही मालकाच्या बाजूचे की भाडेकरूच्या? मी शब्दाच्या बाजूचा आहे. मालकाला आपले घर परत मिळाले पाहिजे, आणि राहणाऱ्याला आपण कशावर उभे आहोत ते कळले पाहिजे. या दोन गोष्टी परस्परांच्या आड येत नाहीत. आड येते ते अज्ञान. मुभेला हक्क समजून माणूस मुलांना जवळच्या शाळेत घालतो, भिंतीला खिळे ठोकतो, अंगणात तुळस लावतो. आणि मुदत संपली की त्याला वाटते आपल्यावर अन्याय झाला. उलट, ज्याच्या हाती खरोखर हक्क होता असा एखादा अडाणी कूळ स्वतःला गडी समजून अंगठा उठवून मोकळा होतो. दोघांचेही नुकसान एका शब्दाने केलेले असते.

त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर मी दुसऱ्या दिवशी दिले. फळ्यावरचे दोन्ही अर्थ पुसले आणि एकच लिहिला : ‘दुसऱ्याची वस्तू हक्काने धरणारा’. म्हटले, “तुझ्या आजोबांनी जमीन धरली होती, म्हणून ते टेनंट. आणि धरून ठेवली, म्हणून पुढे ते टेनंट राहिले नाहीत.” मुलगा समाधानाने खाली बसला. त्या दिवसापासून शब्दाचा अर्थ सांगताना, या शब्दाने कुणाच्या हातात काय येते आणि काय जाते हेही सांगावे, असा नेम मी स्वतःपुरता केला.

असो. चालकांनी हे व्यासपीठ मला एका तासासाठी दिले होते. मी त्याचा टेनंट नाही, लायसेन्सी आहे हे मला माहीत आहे. मुदत संपली. दुप्पट फी भरण्याची माझी ऐपत नाही. तेव्हा मी जागेचा ताबा सोडतो.